सुमनताईचा टाइपरायटर

मागच्या महिन्यात कोलकात्याहून भाच्याचा फोन आला, "मावशी, आई गेली." पुढे तो काय बोलला ते डोक्यात शिरलंच नाही. मला माझी थोरली बहीण दिसत होती... टाइपरायटरसमोर ताठ बसलेली आणि टेबलाखाली पाय वरखाली करणारी. नवख्या माणसाला वाटायचं, बाई शिवणयंत्र चालवतेय.

सत्तरच्या दशकात आम्ही कोलकात्यातच, गार्डन रीचला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. ताई एस्प्लनेडच्या एका कंपनीत टायपिस्ट म्हणून लागली आणि नोकरी पक्की होण्याआधीच ट्राममधून उतरताना पडली. डाव्या हाताची करंगळी कायमची ताठ झाली. टाइपरायटरवर इंग्रजी 'ए' नेमका त्याच करंगळीखाली असतो आणि त्याच्यावाचून एक ओळ पुढे सरकत नाही. बाबा म्हणाले, "पुरे झाली नोकरी. आता घरी बस." ताई बसली, पण एक जुनं मशीन विकत आणून त्याच्यापुढे!

तिने 'ए'चा ठसा काढून उजव्या करंगळीच्या कळेच्या दांडीवर डाख देऊन बसवून घेतला. मग लक्षात आलं, कॅपिटल 'ए' काढताना उजवी करंगळी अडकलेली, त्यामुळे शिफ्टची कळ दाबायला डावी करंगळीच लागते. हिने त्या कळेला सायकलच्या ब्रेकची तार बांधली आणि ती पायाखालच्या लाकडी पट्टीला जोडली. दुरुस्तीवाल्याने कपाळावर हात मारला, "दीदी, ये मशीन अब कोई नहीं लेगा."

"बेचना किसको है?" ताई म्हणाली.

नोकरी पक्की होण्याच्या परीक्षेला ती हेच मशीन घेऊन गेली. ओझं उचलायला बाबा, कुरकुरत का होईना, बरोबर होते. साहेब अडून बसले: नियम सगळ्यांना सारखा, मशीन पहिल्यासारखं करून आणा.

"सर, पहले मेरा हाथ पहले जैसा करवा दीजिए," ताई म्हणाली, "मशीन मैं आज ही करवा लूँगी."

साहेबांनी खुर्ची दाखवली. ताई पास झाली, तीही सगळ्यांच्या पुढे! आजही हे लिहिताना माझी मान ताठ होते.

बाबा दाराबाहेर सगळं ऐकत होते. शाबासकी वगैरे त्यांना कधी जमली नाही. परतताना ट्राममध्ये ते मशीन मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने सामानाचं भाडं मागितलं, "दादा, मालेर भाड़ा दिन."

"ये सामान नहीं है," बाबा म्हणाले, "मेरी बेटी का हाथ है."

कंडक्टरने तिकीट फाडलंच. बाबांनी पैसे दिले आणि आमचा उतरायचा थांबा, खिदिरपूर, येईपर्यंत मशीन खाली ठेवलं नाही.