टिलरवालीचा रंगाचा डबा

गल्लीत तिला सगळे टिलरवाली म्हणायचे. आधी ती कुणाची तरी सून होती, मग कुणाची तरी आई झाली. स्वतःचं म्हणावं असं नाव मिळालं ते साठी ओलांडल्यावर, आणि तेही एका पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राच्या कृपेने.

यजमान रोपवाटिकेत कामाला होते. ते गेले आणि मागे हे टिलर राहिलं. मोठ्या शेताचं नव्हे, परसातल्या वाफ्यांपुरतं. खाली माती उकरणारी पाती, वर इंजिन, इंजिनावर टाकी आणि मागे धरायला दोन मुठी. चार लोकांनी सांगितलं, विकून टाका. चार लोकांचं ऐकायची तिला सवय नव्हती. पहिल्या दिवशी दोरी ओढून तिने ते चालू केलं, तर त्याने तिला फरफटत नेऊन थेट कुंपणात घातलं. त्या दिवशी माती उकरली ती पात्यांनी कमी आणि तिच्या टाचांनी जास्त. पण दोन वर्षांत गल्लीतली अकरा परसं तिच्या हाताखाली आली. लावणीचे दिवस आले की लोक तिला विचारल्याशिवाय बियाणं आणत नसत.

यंत्राची निगा मात्र ती डोळ्यांत तेल घालून करायची. काम झालं की पात्यांत गुंतलेलं गवत विळ्याने कापून काढायचं, तेलाची पट्टी पुसून बघायची, हवेचा फिल्टर झटकायचा, हंगाम सरला की टाकी रिकामी करून वर पोतं टाकायचं. इथवर सगळं शहाण्या माणसासारखं होतं. पण तिला एक खोड होती. घरात कशालाही रंग दिला की डब्याच्या बुडाशी उरलेला रंग टिलरला जायचा. लेकीच्या पेटीचा निळा, कपाटाचा करडा, खिडक्यांचा पिवळा. "टाकून द्यायचा का चांगला रंग?" असं म्हणायची आणि ब्रश बुडवायची. यंदा फाटकाचा हिरवा रंग निम्मा डबा उरला होता. मग काय, हात सैल सोडला. एकावर एक दोन थर.

आणि यंदाच टिलर दमायला लागलं. एका ओढीत चालू व्हायचं, पाच मिनिटं ऐटीत चालायचं, मग आचके देऊन बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू, पुन्हा पाच मिनिटं. पलीकडचे शिंपीकाका कुंपणावर कोपर टेकून बघत होते.

"वहिनी, तुम्हा दोघींपैकी आधी कोण दमतं?"

"तुमची जीभ सोडून सगळेच दमतात, भावजी."

तोंडाने असं म्हणाली, पण टिलर ढकलत घरी न्यावं लागलं. शिंपीकाकांचा वाफा निम्मा उकरलेला तसाच राहिला होता. तिने दोष वाटायला घेतला. आधी पेट्रोलवाल्याला दिला, मग सुनेला, कारण सुनेने यंत्रावर ओले कपडे वाळत घातले होते. शेवटी मिस्त्रीला. मिस्त्रीने टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं, प्लग पुसला, झाकण लावलं, दोन मिनिटं चालवून दाखवलं.

"आजी, याला काही झालेलं नाही."

"तुझ्याकडे आलं की शहाण्यासारखं वागतं. माझ्याकडेच याची नाटकं."

"मग सवय तुम्ही लावलीय," मिस्त्री म्हणाला.

मुलगा हे सगळं गुपचूप बघत होता. एका संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "आई, रविवारी भंगारवाला येतोय. जुनी सायकल देणार आहे, टिलरही देऊन टाकू. आता तू निवांत बस."

निवांत बस! तिच्या डोळ्यांसमोर व्हरांड्यातली ती प्लास्टिकची खुर्ची आली. त्या खुर्चीत बसून शेंगा सोलायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "जेवलास का?" विचारायचं. अकरा परसांची मालकीण एका खुर्चीची व्हायची. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आता हे मोठ्याने बोलायची सोय नव्हती, कारण गेली दहा वर्षं हीच बाई "मेलं कधी विसावा म्हणून नाही" असं रडगाणं गात होती.

इंजिनाला पेट्रोल पुरवणारा भागच बिघडला असणार असं ठरवून शनिवारी सकाळीच ती सुट्या भागांच्या दुकानात जाऊन उभी राहिली. "टिलरचा कार्बोरेटर द्या."

"कुठल्या टिलरचा?"

"माझ्या."

दुकानदाराने तिच्याकडे बघितलं. "आजी, मॉडेल कुठलं?"

"हिरवं."

मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं खोकली. दुकानदार भला होता, हसला नाही. "रंगावरून नाही सांगता येत. इंजिनाच्या अंगावर पत्र्याची पाटी असते, त्यावर नंबर ठोकलेला असतो. तो उतरवून आणा, मग देतो."

घरी येऊन तिने टिलरला तीन फेऱ्या घातल्या. पाटी कुठेच नाही. चोरीला गेली म्हणावी, तर पाटी चोरून टिलर ठेवून जाणारा चोर काही तिला सुचेना. शेवटी सूनच म्हणाली, "आई, रंगाखाली असेल."

"छे! मी काय पाटीवर रंग मारीन?"

सून आत गेली. टर्पेंटाइनची बाटली आणि बोथट सुरी घेऊन आली, इतकंच. टाकीखाली थोडा उंचवटा लागत होता तिथे दोघी खरवडायला बसल्या. हिरवा गेला, पिवळा आला. पिवळ्याखाली करडा, करड्याखाली निळा. सुनेला हसू आवरेना.

"आई, तुमच्या टिलरनं तुमच्यापेक्षा जास्त लुगडी नेसलीत की!"

"खरवड गुमान."

निळ्याखाली पाटी निघाली. नंबर तर होताच. सुनेने तो कागदावर उतरवून घेतला. त्याच्याखाली बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी होत्या. म्हातारीची शाळा चौथीपर्यंतची. ती बोट ठेवून, एकेक अक्षर मोठ्याने लावत वाचायला लागली. "टा-की-च्या झा-क-णा-चे छि-द्र बं-द क-रू न-ये. हवा न मि-ळा-ल्यास इं-जि-न बं-द प-डे-ल."

दोघींनी एकदमच झाकणाकडे बघितलं. झाकण हिरवंगार, गुळगुळीत, फाटकासारखं चकचकीत. छिद्राचा पत्ता नव्हता.

 मग सून उठली, आतून शिवणाची जाड सुई घेऊन आली आणि तिने ती सासूबाईंच्या हातात दिली. स्वतः टोचून बघितलं नाही, हा तिचा मोठेपणा. मधोमध हाताला जरा खळगा लागला, तिथे म्हातारीने सुई रुतवली. हिरवी टिकली निघाली आणि टाकीने फुस्स करून असा श्वास घेतला, जसा लग्नघरातून बाहेर पडल्यावर माणूस घेतो.

आता तिला उमगलं, मिस्त्रीकडे यंत्र शहाणं का व्हायचं. तो झाकण उघडायचा, टाकीला हवा मिळायची, दोन मिनिटं तेवढ्यावर निघायची. पेट्रोलवाला सुटला, सून सुटली, मिस्त्री सुटला. गुन्हेगार म्हणून ब्रश धरलेला एकच हात उरला. तोही तिचा उजवा.

"ह्यांना सांगायचं का?" सुनेने विचारलं. ह्यांना म्हणजे मुलाला.

"काय सांगायचं? सांग, आईनं दुरुस्त केलं."

"बिघडवलं कुणी ते?"

"ते त्यानं विचारलं तर बघू."

रविवारी सकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन दारात आला, तेव्हा ती शिंपीकाकांच्या परसात होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली, टिलर माती उडवत राहिलं. निम्मा राहिलेला वाफा पुरा झाला, शेजारचाही झाला. मुलगा फाटकाशी उभा राहून घड्याळ बघत होता. विसाव्या मिनिटाला त्याने घड्याळ बघणं सोडलं आणि सायकल एकट्यानेच उचलून गाडीवर ठेवली.

शिंपीकाका म्हणाले, "वहिनी, आज दोघीही दमेनात!"

ती मूठ न सोडता पुढच्या वाफ्याकडे वळली.

तेवढ्यात सून घरातून रंगाचे डबे घेऊन आली. वाळलेले, अर्धे, पाव, सगळे. वर तो ब्रश. तिने ते भंगाराच्या गाडीत ठेवले आणि सासूकडे बघितलं. म्हातारीने लांबूनच मान हलवली, म्हणजे ने बाई, ने. न्यायला हवेच होते.

फक्त पांढऱ्याचा एक छोटा डबा सुनेला सापडला नव्हता. तो म्हातारीच्या पलंगाखाली, जुन्या चपलांच्या मागे होता. पांढरा रंग यंत्राला तसाही शोभत नाही. पण खुर्ची एकदा रंगवून बघायला काय हरकत होती? तिच्यावर बसायचं तर नव्हतंच.