मादामच्या अकरा खुर्च्या

मादाम माणसाचं स्वागत त्याच्या चुकीने करत. दार उघडताच पहिलं वाक्य, "आपण सात मिनिटं उशिरा आलात," नाहीतर, "आपण लवकर आलात, बाहेर थांबा." वेळेवर आलेल्याला नुसतं आत घेत; त्याच्यात बोलण्यासारखं काही नसे. फ्रान्समधून लग्न करून आलेल्या या बाईंना पुणं कसं मानवलं, असं लोक विचारत. पुण्याला त्या कशा मानवल्या, हे विचारायला हवं होतं.

नवरा वारल्यावर प्रभात रोडवरच्या फ्लॅटमध्ये त्यांनी आपला गुरुवार सुरू केला. चार ते सहा. खुर्च्या अकरा, म्हणून माणसंही अकराच. बाराव्याला जिन्यावरूनच परत पाठवत. एक निवृत्त न्यायाधीश, एक गायिका, काही प्राध्यापक आणि कुणाचंच काही न वाचलेला एक समीक्षक. कॉफी कपभर, बिस्कीट एक. दुसऱ्याला हात घातला की त्या विचारत, "आपण घरी जेवत नाही का?" तरी माणसं येत, कारण आपण मादामकडे होतो हे शुक्रवारी चारचौघांत सांगता येई. मीही त्यांतलाच.

पंधरा वर्षं त्यांची कॉफी पिऊन मी त्यांच्यावर कादंबरी लिहिली. नायिका फ्रेंच, खुर्च्या अकरा, नाव तेवढं बदललं. कुणी ओळखणार नाही याची मला खात्री होती. शेवटी ती बाई रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटी मरते. तो शेवट सगळ्यांना फार करुण वाटला, आणि मीही आठवडाभर करुण चेहऱ्याने हिंडलो.

मादामनी ती कादंबरी शब्दकोश घेऊन महिनाभर वाचली. मग एका गुरुवारी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आपण मला मारलंत, ठीक आहे. पण एकही माणूस आला नाही? आपण कुठे होतात?" त्या दिवशी मला बिस्कीट मिळालं नाही.

पुढे गुडघे गेले आणि त्या धायरीच्या एका वृद्धाश्रमात राहायला गेल्या. खोलीत दोनच खुर्च्या मावल्या. पहिल्या गुरुवारी आम्ही पाचजण गेलो, दुसऱ्या गुरुवारी तिघं. मग न्यायाधीशांना ट्रॅफिकचा त्रास सुरू झाला, गायिकेला घशाचा, आणि मी एकटा उरलो. प्रेमापोटी जात होतो, असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. माझी कादंबरी खरी होत चालली होती, आणि तिला अडवायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मादाम हे ओळखून होत्या. "आलात? म्हणजे पुस्तक अजून खोटंच आहे," असं म्हणत. दुसरी आवृत्ती निघायची होती, तेव्हा मी म्हटलं, शेवट बदलतो.

"बदलू नका," त्या म्हणाल्या. "बदललात तर आपण यायचं थांबवाल."

तीन वर्षं मी एकही गुरुवार चुकवला नाही. त्या वारल्या एका बुधवारी, दुपारी. फोन आल्यावर मी धावत पोचलो, तेव्हा दुसरी खुर्ची पलंगाला टेकवून ठेवलेली होती.

"आज गुरुवार हाय म्हनाल्या," तिथल्या मावशी म्हणाल्या. "मलाच वढाया लावली खुर्ची. चारला येनारेत म्हनाल्या."

मी त्या खुर्चीत सहापर्यंत बसून राहिलो. उशीर झाला होता, आणि ते सांगायला त्या नव्हत्या.

दुसऱ्या आवृत्तीतही शेवट तोच आहे. लोक अजूनही त्याला करुण म्हणतात. मला तो वाचवत नाही.