देवमनजींची सायकल आणि घाटातली माणसं

परतवाड्याच्या देवमनजींनी अठ्ठावीस वर्षं चिखलदऱ्याच्या घाटात एसटी चालवली. पण घाट कसा दिसतो असं विचारलं, की म्हणायचे, "डांबर दिसते बाप्पा, अन् समोरच्या ट्रकचं नाक." रिटायर झाल्यावर त्यांनी गिअरची सायकल घेतली आणि एकच हट्ट धरला : पाय न टेकता एकदा घाट चढायचा.

"गुडघ्यायले इचारलं काय?" त्यांच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी चहा ओतता ओतता विचारलं.

गुडघे बिचारे तयार होते. आडवी आली ती माणसं. आता वऱ्हाडात ओळखीचा माणूस चढावर घामाघूम दिसला आणि आपण गाडीतून सरळ पुढे निघून गेलो, असं कधी होतं का? पहिल्या खेपेला दूधवाल्यानं हँडल धरलं. दुसऱ्या खेपेला संत्र्याच्या पिकअपवाल्यानं गाडी आडवीच लावली. तिसऱ्या खेपेला एका व्याह्यानं चहाला ओढून नेलं. व्याह्याला नाही कसं म्हणायचं?

म्हणून चौथ्या खेपेला देवमनजी उजाडताच पायथ्याला हजर. सहा वळणं मागं पडली. सातवं चिमट्यासारखं उलट फिरणारं. त्यात शिरतात तोच मागून हॉर्न. एसटी पुढे गेली आणि बरोबर वाट अडवून थांबली. शफीक ड्रायव्हर उडी मारून खाली आला. त्याला हा घाट देवमनजींनीच शिकवलेला.

"उस्ताद! ह्या वयात सायकल? पेन्शन बंद झाली का?"

"बाजूले हो शफ्या! नाही तं पाय टेकीन माहा!"

"मंग टेका ना. घाटात माणूस सोडून जायचा नाही, तुमीच तर शिकवलं!"

"मी माणसाचं शिकवलं होतं बे, सायकलवाल्याचं नाही!"

पण तोवर कंडक्टर नीलमनं आवाज दिला होता. चार पॅसेंजर उतरले. दोघांनी देवमनजींना उचलल्यासारखं आत बसवलं, दोघांनी सायकल टपावर चढवली. एका बाईनं त्यांच्या हातात सोललेलं संत्रं ठेवलं. "खा भाऊ, चक्कर येईन नाही तं." देवमनजींनी दात-ओठ खाल्ले आणि वरून संत्रंही खाल्लं.

वर स्टँडवर सायकल उतरवली, तशी तिच्यावर बसून ते सरळ पायथ्यापर्यंत उतरले. तिथं घोटभर पाणी प्यायले आणि पुन्हा चढायला लागले. ऊन तापलेलं. परत निघालेला शफीक वरून येताना खिडकीतून ओरडला, "उस्ताद, चालता का खाली?" देवमनजी नुसती घंटी वाजवून पायडल मारत राहिले.

एक एक करत सगळी वळणं सरली. शेवटचं एकच उरलं.

आणि त्याच वळणात अकोल्याची एक नवीकोरी कार उभी. जळका वास येत होता. चालवणारा धम्मदीप घामानं ओला, मागं त्याची आई डोळे मिटून बसलेली.

"काका, गाडी वर चढूनच नाही राहिली!"

"क्लच जाळला तू! हँडब्रेक वढ, पहिला टाक!" देवमनजी पायडल मारतच ओरडले.

"हो हो. तुमी व्हा पुढे काका, आमी पाहून घेतो."

इतक्या वर्षांत असं म्हणणारा घाटात पहिल्यांदाच भेटला. देवमनजी खूश होऊन पुढे निघाले. दहा हात गेले असतील. वरचं सपाट दिसायलाही लागलं होतं. एवढ्यात मागं इंजिन बंद पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ टायरखाली खडी करकरली. गाडी मागं सरकत होती.

"अरे, दगड लाव बे चाकाले!"

पाय टेकला. सायकल गवतात आडवी फेकून देवमनजी शिव्या हासडत उतारावर धावत सुटले.