दोधू मास्तरांचा उभा बँड

खांडबाऱ्याच्या बाजारात दोधू मास्तरांनी जुना डीव्हीडी प्लेयर घेतला, तो लग्नांची जुनी शूटिंग बघायला. तीस वर्षं ते आपला बँड घेऊन नवरदेवांपुढे क्लॅरिनेट वाजवत आलेले. प्लेयरमध्ये आधीच्या मालकाची एक डिस्क अडकलेली निघाली. ती काही केल्या बाहेर येईना, म्हणून लागलं ते बघावं लागलं. कुठल्याशा परदेशी रॉक बँडचे बावीस व्हिडिओ होते.

मास्तरांनी धंद्याच्या नजरेनं तपासणी सुरू केली. चारच माणसं. गणवेश नाही. ट्रंपेट नाही. एक जण भर पावसात गिटार वाजवतोय, आणि गिटार विजेची.

"यास्ले सुपारी कोन देस?" त्यांनी बायकोला विचारलं.

छबूबाई मेथी निवडत होत्या. "नवरदेव कोठे शे?"

"दिखत नई."

"मंग कोनाकरता वाजाडी ऱ्हायनात?"

वरातीशिवाय वाजवता येतं, ही गोष्ट त्यांना तीस वर्षांत कुणी सांगितलीच नव्हती.

आठवडाभर ते बावीसच्या बावीस व्हिडिओ बघत राहिले. व्हिडिओगणिक बँडवाल्यांचे केस वाढले, मग कापले गेले, मग गळले. सोळाव्यात ड्रमवाला बदलला. बाकीचे तिघे जणू काही घडलंच नाही असे उड्या मारत होते. मास्तरांना ते लागलं. त्यांचा ढोलवाला दगा गेल्या वर्षी डीजेच्या गाडीवर गेला, तेव्हा त्यांनीही दुसऱ्याच दिवशी नवा माणूस उभा करून तेच गाणं वाजवलं होतं.

पण मुख्य शोध वेगळाच होता. मोठा बँड चालत नाही. तो एका जागी उभा राहतो.

पुढच्याच वरातीत मास्तरांनी बँडमधल्या पोरांना काळे चष्मे दिले आणि भर चौकात बँड थांबवला. वाजवणं चालू, चालणं बंद. मागं वरात थांबली. घोडी पेंगायला लागली. वीस मिनिटं कुणी बँडला हटकलं नाही, कारण वरात थांबली म्हणजे कुणीतरी रुसलं असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोण, एवढंच कळेना. वराकडचे लोक नवरदेवाच्या मामांची समजूत काढू लागले. मामा रुसलेले नव्हते, पण एवढी माणसं हात जोडतायत म्हटल्यावर रुसले. नवरीच्या काकांनी तर सावधगिरी म्हणून माफीच मागून टाकली, आणि ती कशाबद्दल हे विचारायला नको म्हणून मामांना शालही पांघरली.

शेवटी नवरदेवाचा बाप पुढं आला. "मास्तर, कोन रुसनं?"

"कोनीच नई. आम्ही वाजाडी ऱ्हायनूत."

मुहूर्त टळला होता. भटजींनी त्याच पंचांगातून त्याहून चांगला मुहूर्त काढला. शाल परत मागायची कशी, यावर मात्र जेवण उरकेपर्यंत एकमत झालं नाही. त्या घराण्यानं मास्तरांना पुन्हा बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर दगाच्या घरी गेले. म्हणाले, तू गेला तवय मी तुले इचारं बी नई. चुकनं मन्हं. परत ये.

दगा ओशाळला. "मास्तर, तठे गाडीवर बसाले भेटस," तो म्हणाला. मग चहा पुढं करत, "डीजेवर बंदी ऱ्हाई त्या दिवशी ईसू."

मास्तरांना तेवढंही पुष्कळ वाटलं. आता कागदोपत्री बंदी बाराही महिने आहे. दगा वर्षातून दोनदा येतो.