किनखेडे मॅडमचा इंग्रजीचा तास

मंजूषाबाई किनखेडे संस्कृत शिकवत तेव्हा त्यांचा आवाज शेजारच्या दोन वर्गांत जाई. स्टाफरूममध्ये कुणी इंग्रजीत बोलायला लागलं, की तोच आवाज कुठे गडप होई देव जाणे. बाई मान खाली घालून वह्या तपासू लागत. तपासून झालेल्या असल्या तरी पुन्हा तपासत.

माहेर वर्ध्याचं. सासरे नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले, नवरा विनायकही पुढे कचेरीतच चिकटला, त्यामुळे संसार शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये झाला. बी.ए.ला बाई इंग्रजीत एकदा आपटल्या होत्या. तेव्हापासून त्या भाषेला त्यांनी लांबूनच नमस्कार घातला. 'संस्कृतला इंग्रजी लागत नाही' हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि पंचवीसएक वर्षं ते खपूनही गेलं. पण एक दिवस कुणीतरी चारचौघांत तोंडावर म्हणेल, 'तुमचं इंग्रजी कच्चं आहे', ही धास्ती मात्र कायम उराशी होती.

मग शाळेने नववीपासून संस्कृत बंद केलं आणि त्या जागी कॉम्प्युटरचा कसलासा नवा विषय आणला. प्राचार्या सक्सेना मॅडमनी बाईंना बोलावून घेतलं.

"मंजूषा जी, नौवीं में अंग्रेज़ी वोकैबुलरी का पीरियड ख़ाली है, आप ले लीजिए. दिवाली के बाद ट्रस्टी मैडम क्लास देखेंगी. उन्हें जँच गया तो ठीक, नहीं तो मार्च के बाद मेरे हाथ में कुछ नहीं है."

निवृत्तीला चार वर्षं उरलेली. बाई "जी" म्हणाल्या आणि बाहेर येऊन पाण्याच्या टाकीपाशी नुसत्याच उभ्या राहिल्या.

"अगं, शब्दच तर शिकवायचेत," विनायकराव घरी म्हणाले.

"मग तुम्हीच या शिकवायला," बाई म्हणाल्या. विनायकराव पेपरात डोकं घालून बसले. त्यांचं स्वतःचं इंग्रजी 'प्लीज फाइंड एन्क्लोज्ड'च्या पुढे कधी गेलं नव्हतं.

वाट दाखवली ती पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने, तुषारने. "आई, एकेक शब्द घोकत बसू नकोस," तो फोनवर म्हणाला. "इंग्रजी शब्दांची मुळं लॅटिन आणि ग्रीकमध्ये आहेत. एक मूळ धरलं की दहा शब्द हाती येतात. तुला पुस्तक पाठवतो."

पुस्तक आलं. बाईंनी ते कडू काढा घ्यावा तसं उघडलं. 'डेंट' म्हणजे दात. 'पेड' म्हणजे पाय. 'नोव' म्हणजे नवा. 'ग्नो' म्हणजे जाणणं, 'स्टा' म्हणजे उभं राहणं. वाचता वाचता बाई ताठ बसल्या. दन्त, पद, नव, ज्ञा, स्था. ही तर सगळी घरचीच माणसं, नुसता कोट-पाटलोण घालून आलेली. पुढे पाहतात तो उपसर्गही हजर. 'हृ' धातूला आ लागला की आहार, प्र लागला की प्रहार, वि लागला की विहार, हे बाईंनी उभा जन्म शिकवलेलं. इथे 'स्पेक्ट' म्हणजे पाहणं. आत डोकावून पाहिलं की इन्स्पेक्ट, पुढे पाहिलं की प्रॉस्पेक्ट, मागे वळून पाहिलं की रिस्पेक्ट.

"अहो, याची मी उगीच भीती बाळगली," त्या विनायकरावांना म्हणाल्या. आनंद इतका झाला होता की भाजी करपली तरी त्यांना वास आला नाही.

वर्गात त्यांनी आपलीच जुनी रीत लावली. संस्कृतची रूपं म्हणवून घेत तसं त्या सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घेऊ लागल्या. "सस्पेक्ट मतलब नीचे से, तिरछा देखना. सास बहू को देखती है ना, वैसे." मुली खिदळल्या, पण शब्द पक्का बसला. शेजारच्या गणिताच्या सरांनी दोनदा येऊन आवाजाची तक्रार केली. पुढच्या बाकावरची रिदा तर पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "मैम, ये तो उर्दू जैसा है. क-त-ब पकड़ लो तो किताब, कातिब, मकतब, सब निकल आते हैं." एवढी वर्षं भोपाळात काढून बाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तिचे तीनही शब्द फळ्यावर लिहिले आणि पुढे अर्थही मांडले: पुस्तक, लिहिणारा, शाळा.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तिथेच पाय घसरला. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, तसं बाईंना आता जिकडेतिकडे संस्कृत दिसू लागलं. कुणीतरी विचारलं, स्कूल हा शब्द कुठून आला. बाईंनी पुस्तक न उघडताच ठोकून दिलं, "शाला से. सुनो ना. शाला, स्कूल." साऱ्या वर्गाने ते वहीत उतरवून घेतलं.

तपासणीला दोन दिवस राहिले असताना पुस्तक चाळताना नेमकं तेच पान समोर आलं. स्कूल आला होता ग्रीकमधून, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थ होता फुरसत. शालेशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. बाईंचे कान गरम झाले. 'तपासणी होऊन जाऊ दे, मग सांगू वर्गाला,' त्यांनी मनाशी ठरवलं. 'दोन दिवसांत काही आभाळ कोसळत नाही.'

ट्रस्टी मॅडम आल्या आणि सक्सेना मॅडमसोबत शेवटच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसल्या. बाईंनी जुळवून ठेवलेली इंग्रजी वाक्यं कशीबशी म्हटली, दोन ठिकाणी अडखळल्या, मग हिंदीवर आल्या आणि गाडी रुळाला लागली. वर्ग खणखणीत आवाजात म्हणत होता. तास संपत आला तेव्हा ट्रस्टी मॅडमनी मुलांना विचारलं, "अच्छा, सबसे अच्छा शब्द कौन सा लगा?"

रिदा उभी राहिली. "स्कूल, मैम. ये संस्कृत के शाला से बना है."

ट्रस्टी मॅडमचा चेहरा उजळला. "वाह. देखिए, सब हमारा ही दिया हुआ है." सक्सेना मॅडमनी मान डोलावली. त्या इतक्या प्रसन्न दिसत होत्या की मार्चची चिंता तिथेच मिटली असती. बाईंना काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं.

बाईंनी रिदाकडे पाहिलं. पोर शाबासकीची वाट पाहत उभी होती. आता हे ती जन्मभर, ज्याला त्याला, 'मैम ने बताया' म्हणून सांगत राहणार. संस्कृतच्या तासाला ज्यांनी चुकीची विभक्ती दाराबाहेर जाऊ दिली नाही, त्या बाई खडू खाली ठेवून पुढे झाल्या.

"नहीं, रिदा. वो मैंने ग़लत बताया था," त्या म्हणाल्या. "स्कूल ग्रीक से आया है. वहाँ उसका मतलब था फुरसत. जिसको काम-धंधे से फुरसत, वो बैठकर पढ़े."

मग मागून एक मुलगा म्हणाला, "तो मैम, होमवर्क क्यों मिलता है?" सगळा वर्ग हसला. ट्रस्टी मॅडम हसल्या नाहीत.

"आपको पक्का पता है?" त्यांनी विचारलं.

"जी. अब देख लिया है. पहले बिना देखे बोल दिया था."

मॅडमनी सक्सेनांना खूण केली आणि दोघी उठून गेल्या. पुढचे तास बाईंनी कसे घेतले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, एवढंच डोक्यात घुमत होतं.

शाळा सुटताना सक्सेना मॅडमचं बोलावणं आलं. स्टाफरूममधल्या आणखी दोघी तिथे सह्या करत उभ्या होत्या. मॅडमनी त्यांच्यासमोरच सांगून टाकलं.

"मैडम कह रही थीं, आपकी अंग्रेज़ी कमज़ोर है."

"जी," बाई म्हणाल्या.

"और कह रही थीं कि पिछली बेंच वाले जाग रहे थे. ये उन्होंने हमारे यहाँ पहली बार देखा." सक्सेना मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "अगले साल दसवीं भी आप ही ले लीजिए. मुझसे अब नए टीचर नहीं ढूँढे जाते."

फाटकाबाहेर विनायकराव स्कूटर घेऊन उभे होते. बाईंचा चेहरा पाहून त्यांनी मनात वाईटच धरलं. "जाऊ दे गं, माझी नोकरी आहे अजून," ते घाईघाईने म्हणाले.

"राहिले मी," बाई म्हणाल्या. "दहावीपण दिली. अहो, मला भूक लागलीय. मरणाची."

कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्या उभ्या त्यांनी दोन कचोऱ्या खाल्ल्या. दुसरी संपताना डोळ्यांत पाणी आलं. विनायकरावांना वाटलं, चटणी तिखट आहे.

"त्या म्हणाल्या, तुमचं इंग्रजी कच्चं आहे," बाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या देखत म्हणाल्या."

"मग?"

"मग काही नाही." पदराने डोळे पुसता पुसता त्यांना हसू फुटलं. "काही झालंच नाही हो."