हिरव्या भिंतीपुढचा शर्ट

हुमबहादुर मलेशियात सुपरवायझर झाला, ही बातमी नेपाळातल्या तानसेन गावच्या त्या गल्लीत त्याच्या बायकोने इतक्यांदा सांगितली होती की शेजारणी तिला लांबून पाहूनच वाट बदलत. दर शनिवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. मागे स्वच्छ हिरवी भिंत, तिच्यावर प्लास्टिकचे गुलाब, अंगात आकाशी शर्ट.

"अगदी साहेब दिसता हो!" बायको म्हणायची. "म्हशीमागे पळायचे हेच का ते, असं वाटतं मला."

मुलगी मनसरा कॉलेजात समाजशास्त्र शिकत होती. त्या वर्षी सरांनी तिच्या वर्गाची गाठ मलेशियातल्या एका विद्यापीठातल्या वर्गाशी घालून दिली. पडद्यावर भेटायचं, दोन्ही देशांतला एकच प्रश्न तपासायचा आणि शेवटी दोघांनी मिळून तो मांडायचा. मनसराच्या जोडीला आली तिकडची अतिका, आणि विषय आला पोटासाठी परदेशी जाणारी माणसं. मागे राहिलेल्यांचं मनसराने लिहायचं, गेलेल्यांचं अतिकाने.

मनसराला आभाळ ठेंगणं झालं. "अगं, माझे बा तुमच्याच शहरात आहेत! हातमोज्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांनाच भेट ना," म्हणत तिने पत्ताही देऊन टाकला. बाला सांगितलं, तेव्हा तो मात्र आढेवेढे घेऊ लागला.

"इतक्यात नको, छोरी. रोज मीटिंगा असतात."

अतिका तशीच गेली. बा भेटला नाहीच, पण कामगारांच्या वसतिगृहात शिरून तिने भरपूर फोटो काढले आणि पुढच्या भेटीत एकेक दाखवू लागली. एकावर एक लोखंडी पलंग, दोऱ्यांवर ओले कपडे, संडासापुढची रांग.

"आणि हा बघ, माझा सगळ्यात आवडता!"

तीच हिरवी भिंत होती. तेच गुलाब होते. संडासाला लागून तेवढीच एक भिंत रंगवलेली, आणि तिच्यापुढे कुणी बंगाली पोरगा आकाशी शर्टाची बटणं लावत होता. बाजूला बनियनवर आणखी माणसं ताटकळत उभी होती.

"इथून ते घरी फोन करतात," अतिका हसत सांगत होती. "सगळ्यांत मिळून एकच शर्ट! घरच्यांना वाटतं, आपला माणूस साहेब झाला. आमच्या सरांना हाच फोटो पहिल्या पानावर हवाय."

सगळी मांडणी मनसराच्या कॉलेजच्या सभागृहात दाखवणार होते. घरच्यांना बोलावणं होतं आणि तिची आई, आमा, त्यासाठी ठेवणीतली चोळी काढून बसली होती.

"तो फोटो काढून टाक," मनसरा म्हणाली.

"वेडी आहेस का? खरं आहे ते!"

"खरं आहे म्हणूनच काढ. तो शर्ट माझे बा घालतात."

अतिका हळूच म्हणाली, "काढते."

कार्यक्रम झाला. मनसराचे सर म्हणाले, मांडणीत जीव नाही. आमाने मात्र हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. बाची लाज राखली म्हणून मनसराला बरं वाटलं, आणि त्या बनियनवरच्या माणसांशी बेइमानी केली म्हणून तितकंच वाईटही वाटत राहिलं.

शनिवारी बाचा फोन आला.

"तुझी ती मैत्रीण येऊन गेली म्हणे. मी मीटिंगमध्ये अडकलो." बा हसत होता, पण डोळे मनसरावरून हलत नव्हते. "फोटोबिटो काढले का तिने?"

"काढले. पण अंधार होता, नीट आले नाहीत."

"असू दे, असू दे." बाचा चेहरा सैल झाला.

"शर्ट अजून कोरा करकरीत दिसतो हो तुमचा," आमा मध्येच घुसली. "इथे आमचे पहिल्या धुण्यात विटतात."

"जपून वापरतो," बा म्हणाला. पलीकडे कुणीतरी खाकरलं. "चला, बोलावतायत मला." आणि फोन बंद व्हायच्या आधीच त्याचा हात गळ्याच्या बटणाकडे गेला.

"केवढं उकडत असेल बाई तिकडे," आमा म्हणाली.

"हो," मनसरा म्हणाली. "खूप उकडतं."