मुकं स्टिअरिंग आणि माझी सही

‘चालकाच्या हाताला सूक्ष्म फरक कळत नाही. दोष चालकाच्या हातात आहे.’

ही दोन वाक्यं माझी. टाइप करून, खाली लफ्फेदार सही ठोकून मी ती साहेबांच्या टेबलावर ठेवली होती. वय चोवीस, इंजिनिअरिंगची पदवी ताजी, नाक वर. आणि तोवर चालत्या गाडीचं स्टिअरिंग मी आयुष्यात एकदाही हातात धरलेलं नव्हतं. नातवंडं हे ऐकून पोट धरून हसतात. हसू देत. मीही हसते, फक्त मला सुरुवात करायला बरीच वर्षं लागली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे स्टिअरिंग गिअरबॉक्स बनत. तुम्ही हातातलं चाक गोल फिरवता आणि पुढची चाकं डावी-उजवीकडे वळतात, ती या लोखंडी पेटीमुळे. आत आटे पाडलेला एक दांडा असतो आणि त्या आट्यांत बसणारा रोलर. दोघांत थोडी फट राहते. त्या फटीपुरतं स्टिअरिंग हललं तरी चाकं हलत नाहीत. या रिकाम्या हालचालीला आम्ही ‘प्ले’ म्हणायचो. पेटीच्या डोक्यावर एक स्क्रू असतो. तो आवळला की रोलर आत सरकतो आणि प्ले कमी होतो. एवढंच शास्त्र. पुढचं सगळं माझं शहाणपण.

एका मोटारकंपनीला नवी गाडी काढायची होती. चार दरवाजे, मोठं इंजिन, वेगाची. हल्ली तिला परफॉर्मन्स सेडान म्हणतात, तेव्हा आम्ही नुसतं ‘मोठी गाडी’ म्हणायचो. तिचा गिअरबॉक्स आमच्याकडे आला आणि टेस्टिंग माझ्याकडे. त्यांच्या पत्रात लिहिलं होतं, प्ले कमीत कमी असावा. वर्गात पहिली येणाऱ्या मुलीला कमीत कमी म्हणजे शून्यच कळतं. मी स्क्रू आवळत गेले. प्ले शून्य. मग बेंचवर, म्हणजे टेस्टिंगच्या लोखंडी टेबलावर पेटी बसवली, स्टिअरिंगला ताणकाटा अडकवला आणि फिरवायला किती जोर लागतो ते मोजलं. आकडा मर्यादेच्या आत होता. अगदी काठावर, पण आत. पेढे वाटायचे तेवढे मी बाकी ठेवले.

मग पेटी ट्रायलच्या गाडीत बसली आणि गाडी कांबळ्यांच्या हातात गेली.

कांबळे आमचे टेस्ट ड्रायव्हर. सैन्यात अवजड ट्रक चालवून निवृत्त झालेले, दिघीला भाड्याच्या खोलीत राहायचे. दोन मुली शाळेत. कंपनीत लागून पाच महिने झाले होते. सहा महिने पुरे झाले की पर्मनंट, नाहीतर घरी. ते आळंदी रस्त्यावर चऱ्होलीपर्यंत जाऊन आले, गाडी लावली आणि थेट माझ्या टेबलाशी उभे राहिले.

“मॅडम, गाडी मुकी आहे.”

“मुकी म्हणजे?”

“रस्ता हाताला सांगत नाही. वळणावर स्टिअरिंग सैल सोडलं तर परत येत नाही, ओढून आणावं लागतं. वेगात तर सरळ राहत नाही, सारखं सांभाळावं लागतं.”

“किती मिलिमीटर?”

“काय किती?”

“मुकी आहे म्हणता ना? किती मिलिमीटर मुकी आहे?”

कांबळ्यांनी गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले. मला वाटलं, जिंकले. आता आठवलं की उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

कारखानीस साहेब, आमचे मॅनेजर, घाईत होते. सोमवारी गिऱ्हाइकाचे लोक गाडी बघायला येणार होते. म्हणाले, “बेंच काय म्हणतो?”

“बेंचवर सगळं पास आहे, सर.”

“मग ड्रायव्हरचं काय?”

“सवयीचा प्रश्न असेल. इतकी वर्षं ट्रक चालवलेत.”

“लेखी द्या.”

मी दिलं. ती वर सांगितलेली दोन वाक्यं.

दोन दिवसांनी दुपारी कँटीनपाशी कांबळे दिसले. टेम्पोतून पावाच्या लाद्या उतरवत होते. मी आपलं हसून म्हटलं, “काय कांबळे, आज टेम्पोवर?”

“हो मॅडम. टेम्पो बोलतो तरी,” एवढंच म्हणून ते लादी घेऊन आत गेले.

मागे शेळके मामा उभे होते. आमच्या लाइनवरचे जुने फिटर, चऱ्होलीचे. घरी शेती, बैलं, सगळं होतं, आणि कंपनीत कुणाचीच भीड नव्हती.

“बाई, तुमाला ठावं न्हाई व्हय? त्याला गाडीवरनं काढला. एकतीस तारखेला कार्ड जमा करून घरी जा म्हनालेत. हातात दोष हाय म्हनं त्याच्या. तुमीच लिवलंय न्हवं?”

मी गाडीच्या तक्रारीचा निकाल लावला होता, माणसाचा नाही, अशी माझी समजूत होती. पण ड्रायव्हरच्या हातात दोष आहे असं लिहिल्यावर त्याचं दुसरं काय होणार होतं? कँटीनच्या पोऱ्यालाही कळलं असतं ते.

“मामा, पण बेंचवर तर...”

“बेंचला रस्ता असतोय व्हय?” मामा बिडी कानावर ठेवत म्हणाले. “एक इचारू का? राग मानू नका. तुमी कदी गाडी चालवलीया?”

मी खरं ते सांगितलं. मामांनी हसू दाबायचा फार प्रयत्न केला. जमला नाही.

गेटपासवर सही करायचा अधिकार मला होता. मी ट्रायलच्या गाडीचा पास लिहिला आणि चालकाच्या जागी कांबळ्यांचं नाव घातलं. कांबळे म्हणाले, “मी आता टेम्पोवर आहे, मॅडम. उगाच भानगड नको.”

“भानगड मीच केलीये. ती बघायला तरी चला.”

मामांनी खिशात पाना टाकला आणि न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसले.

आधी कंपनीची जुनी गाडी घेतली, साध्या गिअरबॉक्सची. पुढची सीट तेव्हा सलग असायची. मी कांबळ्यांच्या शेजारी सरकून बसले आणि त्यांच्या सांगण्यावरून उजवा तळवा स्टिअरिंगवर हलकेच टेकवला. दिघी मागे पडली. “आता डांबर संपलं,” ते म्हणाले, आणि तळव्याला बारीक कुरकुर लागली. “ही बैलगाड्यांची चाकोरी.” स्टिअरिंग हातात हलकेच डावीकडे ओढलं गेलं आणि सुटलं. “ही ओढ्यावरची मोरी.” दोन ठोके. वळण आलं, कांबळ्यांनी ते घेतलं आणि बोटं उघडली. चाक माझ्या तळव्याखालून सुळकन फिरत आपलं आपण सरळ झालं. मी लहान मुलीसारखी “अय्या” म्हणाले. मागून मामा म्हणाले, “झालं इंजिनिअरिंग सुरू.”

मग परत येऊन मोठी गाडी घेतली. तोच रस्ता.

“डांबर संपलं. कळलं?”

“नाही.”

“चाकोरी गेली.”

“नाही कळली.”

“मोरी.”

बुडाला कळली, हाताला नाही. वळणानंतर कांबळ्यांनी बोटं उघडली तर स्टिअरिंग होतं तिथेच, तिरकं. गाडी कडेच्या बाभळीकडे निघाली आणि त्यांनी ती ओढून आणली. तेही जमलं, कमी वेगात होतो म्हणून. पुढची चाकं वळणानंतर आपणहून सरळ व्हायला बघतात, रस्त्याचे बारीक धक्के दांड्यावाटे वर पाठवतात. मी स्क्रू इतका आवळला होता की ते सगळं पेटीतच अडकून पडत होतं. आणि ही गाडी साध्या गाडीच्या कितीतरी पुढच्या वेगाला पळणार होती. तिथे ड्रायव्हरला चाकाची रस्त्यावरची पकड सुटतेय हे हातानंच कळतं, आणि माझ्या पेटीत नेमकं तेच कळत नव्हतं.

चऱ्होली फाट्याला मामांनी बॉनेट उघडलं, नट सैल केला आणि स्क्रू पाव फेरा मागे घेतला. तेवढाच. परतीच्या वाटेवर मोरीचे दोन ठोके तळव्याला लागले. पुढच्या वळणावर चाक आपणहून सरळ झालं. कांबळ्यांनी फक्त एकदा आरशातून मामांकडे बघितलं.

कारखानीस साहेबांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी आधी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

“रिपोर्ट परत घ्यायचा म्हणजे तुमची चूक रेकॉर्डवर येणार. तुमचंही कन्फर्मेशन अजून व्हायचंय, माहीत आहे ना?”

“माहीत आहे, सर.”

“त्यापेक्षा असं करा. स्क्रू गुपचूप सैल करा. गाडीचं काम होईल. कांबळ्याचं मी बघतो.”

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. मी टेबलापाशी येऊन बसले, चहा मागवला, तो गार केला. ‘काही अंशी’, ‘दोन्ही बाजूंनी विचार करता’ असले शब्द जमवून बघितले. पण ‘बघतो’ म्हणजे काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि एकतीस तारीख सहा दिवसांवर होती. शेवटी दोन नवी वाक्यं टाइप केली. ‘दोष सेटिंगमध्ये होता आणि सेटिंग मी केलं होतं. चालकाची तक्रार पूर्णपणे बरोबर आहे.’ या वेळी सही साधी केली.

साहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “चला, मलाही दाखवा ती तुमची मोरी.” सोमवारी गाडी कांबळ्यांनीच चालवून दाखवली. गिऱ्हाइकाच्या माणसानं वळणावर स्वतः बोटं उघडून बघितली आणि मान डोलावली.

कांबळे पर्मनंट झाले. माझं कन्फर्मेशन तीन महिने पुढे गेलं, ते बरंच झालं. टेस्टच्या फॉर्मवर एक नवा रकाना आला, ‘रस्त्यावर हाताला काय कळलं’, आणि तो चालकानंच भरायचा असं ठरलं. मी त्यातून एवढंच शिकले की ज्या वस्तूवर सही करायची ती आधी हातात धरून बघावी. अगदी साधं आहे. पदवीच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

त्यापुढच्या रविवारी कांबळे मला दिघीच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी शिकवायला लागले. मी स्टिअरिंगला दोन्ही हातांनी असा विळखा घातला होता की गाडी नागमोडी जात होती आणि एक म्हातारबाबा सायकलवरून उतरून कडेला उभे राहिले होते. मी घाबरत घाबरत विचारलं, “कांबळे, तो रिपोर्ट... तुम्हाला फार राग आला असेल ना?”

कांबळे समोर बघत म्हणाले, “माझे हात पहिल्यापासून ठीक होते, मॅडम. तुमचे आत्ता कुठं लायनीवर यायला लागलेत. क्लच हळू सोडा.”